इंदूरच्या मराठी घरांतून महाविद्यालयात: प्रवेश, आरक्षण आणि शिष्यवृत्तीच्या कागदांचा क्रम

बारावीचा निकाल लागल्यावर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कपुढे, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानापुढे, जी गर्दी होते, त्या गर्दीतली बरीच मुले गुणांमुळे मागे पडत नाहीत. जातीचा दाखला दुसऱ्या राज्याचा निघतो, आधारवरचे नाव अंकसूचीशी जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो किंवा फॉर्मवर दिलेला मोबाइल क्रमांक दुकानदाराचा असतो. यातली प्रत्येक चूक तीन महिने आधी अर्ध्या दिवसात दुरुस्त झाली असती. प्रवेशाच्या आठवड्यात मात्र तिच्यापायी हक्काची जागा जाते. ज्या घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घराचे नुकसान सर्वांत जास्त होते, कारण कोणता कागद आधी काढायचा हे सांगणारे तिथे कोणी नसते.

पुढील टप्पे इंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणि वस्तीतील मंडळांत मुलांना फॉर्म भरायला मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढचा कागद मागच्या कागदावर उभा असतो. मूल बारावीत असतानाच, शक्यतो दिवाळीनंतर लगेच, पहिल्या टप्प्याला हात घालावा.

## टप्पा १: आपण कोणत्या राज्याच्या यादीत येतो, हे आधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या याद्या राज्यनिहाय आहेत. एका राज्यात मिळालेला दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० साली मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशप्रकरणात सांगितले आणि २०१८ साली बीर सिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या निकालात अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केले. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरी हा नियम बदलत नाही. महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि मध्य प्रदेशच्याही यादीत आहे. तरीही अमरावतीहून मिळालेला दाखला इंदूरच्या शासकीय महाविद्यालयातील राज्याच्या राखीव जागेसाठी चालत नाही.

म्हणून पहिला प्रश्न जातीचा नसून तारखेचा आहे: कुटुंब मध्य प्रदेशात केव्हापासून राहते? राज्याचा दाखला देताना अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी २६ डिसेंबर १९८४ या तारखांना कुटुंबाचे वास्तव्य आजच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीत होते का, हे पाहिले जाते. आजोबा किंवा पणजोबा तेव्हा इथे राहत असतील, तर त्याचा पुरावा शोधणे हेच पहिले काम.

हा पुरावा मराठी घरांत बहुधा असतो, पण कुठे पाहावे हे माहीत नसते. आजोबा हुकुमचंद, मालवा किंवा राजकुमार मिलमध्ये कामाला असतील, तर नोकरीचे जुने कागद किंवा भविष्य निर्वाह निधीची पावती कामी येऊ शकते. ते इंदूरच्या शाळेत शिकले असतील, तर त्या शाळेच्या दाखल-खारीज पंजीतील (विद्यार्थी आल्या-गेल्याच्या नोंदवहीतील) नोंदीची प्रमाणित प्रत मागावी. तीत बहुधा जात, जन्मतारीख आणि पालकाचे नाव एकाच ओळीत मिळते. घराची जुनी रजिस्ट्री, नगरपालिकेच्या कराची पावती आणि जमिनीचा खसरा हेही पाहावे.

जुने कागद वाचताना एका गोष्टीने हमखास घोटाळा होतो. १९४८ ते १९५६ या काळात इंदूर मध्यभारत राज्यात होते, त्याआधी होळकर संस्थानात होते. त्यामुळे कागदावर ‘मध्यभारत’ किंवा ‘होळकर स्टेट’ असेल, तर तो बिचकून बाजूला ठेवू नये. तो इथलाच पुरावा आहे. उलट त्याच काळातल्या कागदावर ‘मध्य प्रदेश’ लिहिले असेल, तर तो नागपूर, वर्धा किंवा अमरावतीकडचा असण्याचा संभव आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही त्या नावाच्या राज्याची राजधानी होती आणि विदर्भ त्यातच होता. गाव आज कोणत्या राज्यात आहे ते तपासावे आणि अर्जात तसेच लिहावे. जुन्या शिक्क्यावरील नावाचा आधार घेऊन गाव आजच्या मध्य प्रदेशातले दाखवल्यास पुढे दाखलाच रद्द होऊ शकतो.

बौद्ध कुटुंबांसाठी आणखी एक बाब. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो, परंतु दाखल्यासाठी मूळ जातीची नोंद लागते. शाळेच्या नोंदीत केवळ ‘बौद्ध’ असेल, तर वडिलांची किंवा आजोबांची जातीची नोंद असलेला कागद सोबत जोडावा.

सावधान: मध्य प्रदेशचे मूल निवासी (अधिवास) प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जातीचा दाखला इथला झाला, असे समजू नये. राज्यात जन्म किंवा सलग दहा वर्षांचे वास्तव्य अशा निकषांवर मूल निवासी ठरता येते. जातीच्या दाखल्याची कसोटी वेगळी आणि कितीतरी जुनी आहे.

## टप्पा २: कुटुंब नंतर आले असेल, तर दोन दारे वेगळी ठेवा

वडील १९९४ साली अकोल्याहून नोकरीसाठी इंदूरला आले, मुलीचा जन्म इथला, शाळा इथली आणि वडिलांकडे महाराष्ट्राचा अनुसूचित जातीचा दाखला आहे, असे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. अशा मुलीला आरक्षण नाहीच, असे सांगून तिला घरी पाठवणारे जितके चुकतात, तितकेच तिला सगळीकडे अनुसूचित जातीचा रकाना भरायला लावणारेही चुकतात.

आयआयटी इंदूर, आयआयएम, एम्स, केंद्रीय विद्यापीठे आणि नीटचा अखिल भारतीय कोटा ही केंद्राच्या आरक्षणाची दारे आहेत. तिथे तिचा मूळ राज्यातील दर्जा चालतो, मात्र दाखला केंद्राने ठरवलेल्या नमुन्यात लागतो. वडिलांच्या दाखल्याच्या आधारे स्थलांतरितांसाठीच्या वेगळ्या नमुन्यातील दाखला मध्य प्रदेशातील सक्षम अधिकारीही देऊ शकतो. त्यावर मूळ राज्याचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. राज्याच्या समुपदेशनात, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या किंवा उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशात, तिने अनारक्षित म्हणून अर्ज भरावा. मुलगी मध्य प्रदेशची मूल निवासी असल्यास त्या नात्याने मिळणारे लाभ तिला मिळतातच.

त्यामुळे तिच्या जेईई किंवा नीटच्या फॉर्मवर एक प्रवर्ग आणि राज्याच्या फॉर्मवर दुसरा प्रवर्ग, असे दिसेल. यात लपवाछपवी काहीही नाही. कियोस्कवरील मुलगा “दोन्हीकडे एकच लिहा, नाहीतर अडकेल” असे सांगतो, तेव्हा त्याचे ऐकू नये. केंद्रीय परीक्षेत अनारक्षित भरले, तर राखीव प्रवर्गातील क्रमांकच लागत नाही आणि तो नंतर मागता येत नाही.

महाराष्ट्रात प्रवेश घेण्याचा विचार असेल, तर तिथल्या राज्य कोट्यासाठी तिथले अधिवास प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. दोन्ही डगरींवर हात ठेवून दोन राज्यांचे अधिवास दाखवणाऱ्या कुटुंबांचे प्रवेश रद्द होण्याची पाळी येते. कोणते राज्य, हा निर्णय डिसेंबरमध्येच घ्यावा.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एका कागदावर दोन ओळी लिहून घ्याव्यात: ‘केंद्राच्या फॉर्मवर प्रवर्ग’ आणि ‘राज्याच्या फॉर्मवर प्रवर्ग’. हा कागद फॉर्म भरणाऱ्याच्या समोर ठेवावा.

## टप्पा ३: नावे जुळवा, मगच दाखल्यांचे अर्ज करा

दहावीची अंकसूची हा पाया मानावा. जन्मतारीख आणि नावाच्या बाबतीत सगळीकडे तीच पाहिली जाते, म्हणून बाकीचे कागद तिच्याशी जुळवावेत. अंकसूचीच चुकली असेल, तर मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा, कारण त्याला वेळ लागतो.

मराठी नावांच्या अडचणी ठराविक आहेत. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहिलेले असते. मध्य प्रदेश मंडळाच्या अंकसूचीवर विद्यार्थ्याच्या नावापुढे थेट आडनाव आणि वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत असते. यंत्र ही दोन वेगळी माणसे समजते. आडनावात ‘ळ’ असेल, तर हिंदी दाखल्यावर काळे यांचे ‘काले’ आणि पळशीकर यांचे ‘पलशीकर’ होते, आणि महाराष्ट्रातील जुना दाखला त्याच्याशी जुळत नाही. लग्नानंतर आईचे पहिले नाव बदललेले असेल, तर मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव आणि आईच्या आधारवर दुसरे नाव असते. ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही आणि उत्पन्नाच्या दाखल्यापाशी येऊन ती अडते.

क्रम असा ठेवावा. आधी विद्यार्थ्याचे आणि आईवडिलांचे आधार दुरुस्त करावे. त्यानंतर समग्र आयडीची, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणी क्रमांकाची, ई-केवायसी (आधारशी पडताळणी) करावी. समग्रमध्ये कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी क्रमांक असतो, आणि राज्याच्या शिष्यवृत्त्यांना सदस्याचा क्रमांक लागतो. लग्न होऊन गेलेली बहीण किंवा वेगळा राहणारा काका अजून त्याच कुटुंब क्रमांकात असेल, तर तेही सुधारून घ्यावे. जी विसंगती दुरुस्तच होऊ शकत नाही, उदाहरणार्थ आजोबांच्या १९४९ च्या नोंदीतील आडनाव, तिच्यासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करावे.

सावधान: आधार बदलल्यावर त्याच दिवशी समग्रची ई-केवायसी करू नये. बदल अद्ययावत झाल्याचा संदेश येऊ द्यावा, नाहीतर जुनेच नाव पुन्हा पक्के होऊन बसते.

## टप्पा ४: दाखले काढा, काही आधी, काही १ एप्रिलनंतर

मूल निवासी आणि जातीचा दाखला यांचे अर्ज जानेवारीपर्यंत लोकसेवा केंद्रात द्यावेत. जातीचा दाखला अनुविभागीय अधिकारी देतात. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला मध्य प्रदेशचा असा दाखला आधी मिळालेला असेल, तर त्याची प्रत जोडल्याने काम बरेच सोपे होते.

अर्ज दिल्यावर पावती घ्यावी आणि तिच्यावरील निकालाची तारीख पाहावी. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही, तर प्रथम अपील आणि मग द्वितीय अपील करता येते, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये, असा दंड होऊ शकतो. पावती नसेल, तर यातले काहीच करता येत नाही. ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ या उत्तरावर महिना काढणाऱ्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

इतर मागासवर्गाचा नॉन-क्रीमी लेयर (सधन गटात मोडत नसल्याचा) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला मात्र घाईने काढू नये. केंद्रीय संस्था साधारणपणे त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेला दाखला मागतात. फेब्रुवारीत काढलेला दाखला हातात घेऊन जूनमध्ये धावपळ करणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात.

या दोन्ही दाखल्यांत वार्षिक उत्पन्नाचा आठ लाखांचा आकडा येतो, पण मोजण्याची रीत वेगळी आहे. नॉन-क्रीमी लेयरच्या उत्पन्नाच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. मात्र पदाची कसोटी स्वतंत्र आहे आणि आईवडील सरकारी नोकरीत वरच्या श्रेणीत असतील, तर ती लागते. त्यामुळे वडील खासगी कारखान्यात नोकरीला आहेत आणि पगार आठ लाखांवर आहे, एवढ्यावरून स्वतःच अपात्र ठरवून अर्ज न करणे चूक आहे. उलट आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात पगार, शेती, व्यवसाय असे सगळे उत्पन्न धरतात आणि शिवाय मालमत्ता पाहतात: केंद्राच्या नियमात पाच एकर शेती, हजार चौरस फुटांची सदनिका किंवा नगरपालिका हद्दीत शंभर चौरस यार्डांचा भूखंड असल्यास दाखला मिळत नाही. राज्याच्या जागांसाठी मालमत्तेचे माप वेगळे असू शकते, म्हणून दोन्ही नमुन्यांतील दाखले वेगवेगळे मागावेत. गावी वडिलोपार्जित शेतीत वाटा आहे हे सांगायचे राहून जाते; सात-बाऱ्यावर नाव असेल, तर ते सांगावेच.

तपासणी: मे महिन्याच्या सुरुवातीला एका फाइलमध्ये केंद्राच्या नमुन्यातील संच आणि दुसरीत राज्याच्या नमुन्यातील संच असावा. दोन्हींचे स्कॅन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवावेत. मूळ कागद कियोस्कवर सोडून येऊ नयेत.

## टप्पा ५: नोंदणी आणि पसंतीक्रम

इंदूरमध्ये एकच दरवाजा नाही. होळकर विज्ञान महाविद्यालय किंवा मोती तबेल्याचे माता जिजाबाई शासकीय कन्या महाविद्यालय हवे असेल, तर उच्च शिक्षण विभागाचे ई-प्रवेश. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अध्ययन विभागांतील अनेक अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षा, जिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. एसजीएसआयटीएस किंवा विद्यापीठाची आयईटी या अभियांत्रिकी संस्थांतील बी.ई., बी.टेक.साठी जेईई मेन आणि नंतर तंत्रशिक्षण संचालनालयाचे समुपदेशन. निकालानंतर चौकशीला येणाऱ्या मुलाला सीयूईटी हे नावच तेव्हा प्रथम कळते आणि विद्यापीठाचे दार त्या वर्षापुरते बंद झालेले असते.

नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल विद्यार्थ्याच्या घरचाच द्यावा. कियोस्कवाल्याचा क्रमांक दिला, तर जागा लागल्याचा संदेश त्याच्याकडे जातो, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि फी भरायची मुदत संपल्यावर घरी कळते. घरात एकच फोन असेल आणि तो वडील कामावर नेत असतील, तर त्या पंधरवड्यात तो मुलीकडे ठेवावा.

पसंतीक्रम भरताना मनाला खरोखर जे महाविद्यालय पहिले हवे, तेच पहिले लिहावे. “वरचे मिळणार नाही, मग कशाला लिहायचे” या विचाराने सुरक्षित महाविद्यालय पहिले लिहिले, तर वरचे मिळत असूनही यंत्रणा ते देत नाही. फॉर्मवर पहिली पसंती लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. यादी आखूडही ठेवू नये. सुदामानगरच्या मुलीला रोज खंडवा रोडपर्यंत जाऊ देणार का, वसतिगृह चालेल का, हे घरात यादी भरण्यापूर्वी ठरवावे. जागा लागल्यावर “एवढ्या लांब नको” म्हणून ती सोडून देणारी घरे कमी नाहीत, आणि त्यात मुलींचेच वर्ष जास्त वाया जाते.

अभियांत्रिकीत शिक्षणशुल्क माफीच्या जागा मंजूर संख्येच्या पाच टक्क्यांपर्यंत अतिरिक्त असतात आणि त्या कोणत्याही प्रवर्गातील आठ लाखांखालील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबासाठी असतात. त्यांची पसंती पसंतीयादीत वेगळी नोंदवावी लागते का, हे फॉर्म बंद करण्यापूर्वी पाहावे.

सावधान: अपग्रेडेशनला, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळवण्याला, संमती दिल्यावर वरची जागा लागली, की हातातली आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून संमती देताना वरच्या पसंतीतील प्रत्येक जागा आपल्याला खरोखर हवी आहे का, हे एकेक ओळ वाचून पाहावे. अपग्रेडेशन नको असेल, तर नकार नोंदवावा. गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे.

राखीव प्रवर्गातील मुलाचे गुण खुल्या जागेपुरते असले, तरी त्याने प्रवर्ग नोंदवावाच. खुल्या गुणवत्तेवर त्याला खुली जागा मिळेल आणि राखीव जागा दुसऱ्यासाठी राहील. प्रवर्ग न नोंदवल्यास मात्र शिष्यवृत्तीच्या वेळी अडचण येते.

## टप्पा ६: दिव्यांग विद्यार्थी

२०१६ च्या कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, आधीच काढावे, कारण त्यासाठी वैद्यकीय मंडळाची तपासणी लागते. लेखनिक हवा असेल किंवा जादा वेळ हवा असेल, तर तो प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरतानाच मागावा. जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटे असतो. शाळेत शिक्षकांनी सांभाळून घेतले म्हणून कार्ड काढलेच नाही, अशी उदाहरणे नेहमी येतात. प्रवेश घेण्यापूर्वी वर्ग कोणत्या मजल्यावर भरतो आणि लिफ्ट चालते का, हे स्वतः जाऊन पाहावे.

## टप्पा ७: शिष्यवृत्ती प्रवेशाच्याच आठवड्यात

प्रवेश झाला की घर निवांत होते आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म दिवाळीवर ढकलला जातो. ही ढिलाई महागात पडते, कारण दुसऱ्या वर्षाची फी भरता न आल्याने शिक्षण सोडणारा मुलगा जागा न मिळालेल्या मुलाइतकाच मागे पडतो.

पहिले काम बँकेचे. खात्याला आधार जोडले आहे, एवढे पुरत नाही. सरकारी अनुदान थेट खात्यात (डीबीटी) जमा होण्यासाठी ते खाते एनपीसीआय या बँकांमधील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारशी जोडलेले (सीडिंग) लागते. बँकेत “केवायसी झाली का” असे विचारले, तर “झाली” असेच उत्तर मिळते. “डीबीटीसाठी आधार सीडिंग झाले का, आणि ते याच खात्यावर आहे का” असे विचारावे. जुने जनधन खाते बंद पडलेले असते आणि सीडिंग नेमके त्याच्यावर असते, तेव्हा मंजूर झालेली रक्कम परत जाते.

त्यानंतर योजना निवडावी. मध्य प्रदेशच्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची आवास सहायता एमपी टास या पोर्टलवर आहे. इतर मागासवर्गासाठी राज्याचे शिष्यवृत्ती पोर्टल आहे. ज्यांचा दाखला महाराष्ट्राचा आहे त्यांनी इथल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर हिशेब बांधू नये, कारण ती योजना मूळ राज्याच्या नावाने चालते.

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना जातीवर अवलंबून नाही. मध्य प्रदेशचा मूल निवासी, मध्य प्रदेश मंडळात बारावीला किमान ७० टक्के किंवा सीबीएसई, आयसीएसईत ८५ टक्के, ही तिची मुख्य अट आहे. अभियांत्रिकीसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखांच्या आतील क्रमांकही लागतो. उत्पन्नाची मर्यादा त्या वर्षाच्या सूचनेत पाहून घ्यावी. टप्पा २ मधील मुलीसाठी हीच योजना बहुधा सर्वांत मोठी ठरते आणि जातीचा दाखला चालला नाही म्हणून निराश होऊन घरी बसलेल्या कुटुंबाला ती कोणी सांगत नाही. तंत्रशिक्षणातील मुलींसाठी एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत मिळते आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. दिव्यांगांसाठी सक्षम ही तशीच योजना आहे. दोन योजनांतून एकाच फीसाठी पैसे घेता येतात का, हे अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती प्रभारींना विचारावे. पैसे आल्यावर परत करण्याची वेळ येऊ देऊ नये.

तपासणी: अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम झाले नाही. महाविद्यालयाने तो ऑनलाइन पडताळून पुढे पाठवावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहावी आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा.

## मदत करणाऱ्या मंडळांसाठी

रामबाग असो वा परदेशीपुरा, जे विचारायला येतात त्यांनाच मदत मिळते, हा या कामातला मोठा दोष आहे. वस्तीतील बारावीच्या मुलांची यादी ऑक्टोबरमध्येच शाळांकडून किंवा घरोघरी जाऊन करावी आणि ज्या घरातून कोणीच आलेले नाही, तिथे आधी जावे. दिवसा कामावर जाणाऱ्या आईवडिलांसाठी रविवारी किंवा संध्याकाळी बसावे. यादीत टप्प्यांनुसार रकाने आखावेत, म्हणजे कोणाचे काय अडले आहे ते एका नजरेत दिसते.

कोणाचीही जात किंवा उत्पन्न व्हॉट्सअॅप गटावर लिहू नये. आधारच्या प्रती मंडळात साठवू नयेत, पासवर्ड आणि ओटीपी विचारू नयेत; फॉर्म विद्यार्थ्याने स्वतः भरावा, कार्यकर्त्याने शेजारी बसावे. वेळ जास्त लागतो, पण धाकट्या भावाचा फॉर्म पुढच्या वर्षी तोच मुलगा भरतो.

## टप्पा ८: जागा सोडताना, आणि काही बिनसल्यास

एका ठिकाणी प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे चांगली जागा लागली, तर पहिल्या संस्थेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी जागा सोडल्यास पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रियाशुल्क म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येते. अंतिम तारखेपूर्वी पण पंधरा दिवसांच्या आत सोडल्यास ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळते. त्यानंतर काही नाही. म्हणजे निर्णय लांबवण्याची किंमत दर पंधरवड्याला वाढते. एखाद्या वर्षी आयोग विशेष सवलतही जाहीर करतो, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

संस्थेला मूळ अंकसूची आणि दाखले स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ते लगेच परत द्यावे लागतात. “कोर्स संपेपर्यंत आमच्याकडेच राहतील” असे सांगितले गेल्यास आयोगाची हीच सूचना लेखी दाखवावी.

प्रवेशात किंवा वर्गात जातीवरून, अपंगत्वावरून भेदभाव झाल्यास संस्थेतील समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांच्याकडे तक्रार देता येते. आयोगाच्या २०१२ च्या नियमांत हा कक्ष आणि हे पद सांगितलेले आहे. तक्रार तोंडी सांगू नये. तारीख, जागा, काय बोलले गेले आणि कोण उपस्थित होते, हे एका पानावर लिहून दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. त्या पानाचा फोटो घरच्या फोनमध्ये आणि विद्यार्थ्याच्या ईमेलमध्ये त्याच दिवशी ठेवावा.